संताच्या पंगतीचं तिकीट

बाबाच्या सहलीच्या बोटीतून पहिल्या बेटावरून निघालो तेव्हा उन्हानं लालबुंद झालेल्या एका डच माणसानं मला विचारलं, "जेवण कधी? आणि वाइन हवी तेवढी ना?"

मी पोहून आलेल्यांचे चष्मे गोळा करत होते. म्हटलं, "कसलं जेवण?"

"शेवटच्या बेटावरचं. जत्रेतलं. तिकिटातच धरलंय, खिडकीवरचा माणूस म्हणाला."

मला वाटलं माझं इंग्रजी चुकतंय. शाळा सोडून वर्ष होत आलं, पण इंग्रजी काही मी शाळेत शिकले नव्हते, ते बोटीवर शिकले होते. चुकायचं कारणच नव्हतं. मी त्याच्या बायकोकडे बघितलं. मरायके तिचं नाव. चांगली बाई होती. सकाळी माझं सोललेलं नाक बघून न विचारता स्वतःचं मलम लावलं होतं तिनं. तीसुद्धा मान हलवत होती. "हो ना, म्हणून तर आम्ही तुमची बोट घेतली. त्या मोठ्या पांढऱ्या बोटीत जेवण नव्हतं."

चष्म्यांची बादली तिथंच आपटून मी सुकाणूपाशी गेले.

"बाबा, तू पंगत विकलीस?"

"हळू बोल."

"विकलीस की नाही?"

"फेरी विकली. पंगत कोण विकतं? पंगत तर फुकटच असते." बाबा समोर बघत होता, जसा काही पुढं खडक आहे. खडक नव्हता. "हे लोक नुसतेच गेले असते तरी सेवस्तीनं वाढलंच असतं ना त्यांना? दरवर्षी परदेशी लोक जेवतात की नाही तिथं?"

"जेवतात. मग तिकीट का वाढवलंस?"

त्यानं सुकाणू उगाचच जरा वळवलं. मग म्हणाला, "पुढच्या वर्षी अख्खं बेट आपल्या दारात जेवणार. बोकड काय मी जाळ्यात धरू? चणे समुद्रात पिकतात?"

म्हणजे पुढच्या वर्षीच्या पंगतीसाठी यानं या वर्षीची पंगत विकली होती. दुसऱ्याची.

आता हे सांगायलाच पाहिजे. आमच्या या ग्रीक बेटावर संत पांतेलेमोनची तसबीर देवळात राहत नाही. ती वर्षभर एका घरात राहते. ज्या घराचा मान, त्या घरात. जुलैच्या शेवटाला संताचा दिवस आला की ते घर तसबीर बोटीत घालून त्या ओसाड बेटावरच्या छोट्या देवळात नेतं, आणि त्या दिवशी तिथं जो कोणी येईल त्याला पोटभर वाढतं. मित्र, वैरी, धनगर, चुकून तिथं नांगर टाकलेला कोणी, सगळ्यांना. कोण, कुठला, विचारायचं नाही. जेवणाऱ्यानंही आभार मानायचे नाहीत, नुसतं "पुढच्या वर्षीही" म्हणायचं. पैशाचं तर नावच नाही. एकदा अथेन्सच्या कोणा पाहुण्यानं ताटाखाली नोट ठेवली होती, तर ती बकरीला खायला घातली म्हणतात. जेवणं झाली की तसबीर पुढच्या घराच्या हातात देतात. मान मिळावा म्हणून लोक पाद्रीबाबांकडे नाव देऊन वर्षानुवर्षं थांबतात.

आज ती तसबीर सेवस्तीमावशीच्या हातातून माझ्या आईच्या हातात यायची होती.

आणि आईनं नाव दिलं होतं ते माझ्यामुळे. मी लहान असताना ताप डोक्यात गेला होता, वारा असा सुटला होता की धक्क्यावरून एक बोट हलत नव्हती, आणि आई मला कुशीत धरून रात्रभर संताला म्हणत होती, पोर वाचव, मी तुझं ताट मांडीन. सकाळी वारा पडला आणि बोट निघाली. मला अजून बेटावर 'संताची पोर' म्हणतात. कोणी म्हटलं की मला त्याच्या तोंडात मारावंसं वाटतं, पण म्हणतात.

"आईला सांगते मी," मी म्हटलं.

बाबानं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "सांग. मग ती तसबीर घेईल? मान सोडेल ती. एवढी वर्षं थांबलीय, झाम्बे. आज एक दिवस तोंडाला कुलूप घाल. उद्या मला हव्या त्या शिव्या दे."

मी, जिनं गणिताच्या मास्तरला भर वर्गात सुनावून शाळा सोडली, जिनं गेल्या महिन्यात एका इटालियन पोराचा फोन समुद्रात फेकला, ती मी गप्प बसले. दुसऱ्या बेटावर लोकांना उतरवलं, गुहा दाखवल्या, परत चढवलं. कोणी काही विचारलं की हसून उत्तर दिलं. हसताना गाल दुखत होते.

ओसाड बेटावर पोचलो तेव्हा धुराचा वास पाण्यावरूनच आला. देवळासमोर जुनी शिडं ताणून सावली केली होती. फळ्यांची लांबलचक टेबलं. मोठमोठ्या मातीच्या हंड्यांत रात्रभर भट्टीत शिजलेले चणे, दुसरीकडे बोकड आणि बटाटे. आई आदल्या दिवसापासूनच तिथं होती, सेवस्तीमावशीच्या मदतीला, कारण पुढच्या वर्षी हे सगळं तिला करायचं होतं. बाह्या वर, तोंड लाल, केसांत राख. मला बघून ओरडली, "झाम्बे! केस बांध, अवतार बघ! संतासमोर जायचंय आज आपल्याला!"

इतकी आनंदात मी तिला कधी बघितलेलीच नव्हती. मी केस बांधायला खाली वाकले, खरं तर तोंड लपवायला.

पहिली पंगत म्हाताऱ्यांची असते. पाद्रीबाबा, भजनं म्हणणारे, आंधळा कोस्मास, मग आजारातून उठलेले. ते बसलेच होते. आणि आमचे लोक, टोप्या, ओले टॉवेल, पिशव्या घेऊन, सरळ जाऊन त्यांच्याच टेबलापाशी उभे राहिले. डच माणूस मला म्हणाला, "आमची जागा कुठली? आम्हाला परत जायची घाई आहे, तुझे वडील म्हणाले लवकर निघणार."

"दुसऱ्या पंगतीला बसा," मी म्हटलं. "थोडं थांबा."

"पण आम्ही पैसे भरलेत," तो म्हणाला. रागानं नाही. दुकानात म्हणतात तसं.

सेवस्तीमावशी पळी हातात घेऊन आली. बुटकी, वाकलेली, डोळे मात्र टपोरे. "काय म्हणतोय गं हा टोमॅटो?"

मी तोंड उघडलं आणि त्यातून आपोआप आलं, "म्हणतोय, वास इतका मस्त आहे की उभं राहवत नाही."

"अगं मग बसव की त्याला! उपाशी माणसाला काय उभं करतेस?" मावशी म्हाताऱ्यांकडे वळली. "उठा रे, उठा! तुम्ही काय घरी सुनेच्या हातचं रोज खाता. पाहुण्यांना बसू द्या."

"मी चणे चघळेपर्यंत संध्याकाळ होते," एक म्हातारा कुरकुरला, "मला आधीच का नाही वाढलं?" सगळे हसले आणि उठले. पाद्रीबाबा उठले. आंधळ्या कोस्मासला दोघांनी धरून उठवलं. शिडाची सावली टेबलापुरतीच होती, त्यामुळे ते सगळे जाऊन उन्हात भिंतीला टेकून उभे राहिले, काठ्यांवर हात ठेवून. आणि माझे लोक सावलीत बसले.

बाबानं हे बघितलं. बघितलं आणि पाण्याचा कॅन उचलून विहिरीकडे गेला. तिथं तीन पोरं आधीच पाणी काढत होती, चौथ्याची गरज नव्हती.

मग ते चालूच राहिलं. कोणी म्हणालं, बोकडाचा तुकडा लहान आहे, एवढ्या तिकिटात मोठा पाहिजे. मी मावशीला सांगितलं, तुमच्या हातची चव फार आवडली, अजून मागतायत. मावशीनं स्वतःच्या नातवंडांसाठी बाजूला ठेवलेलं वाढलं. कोणी म्हणालं, वाइन अजून आण. मी म्हटलं, त्यांना आपली द्राक्षं फार आवडली. प्रत्येक वेळी मावशीचा चेहरा उजळायचा. ती मला म्हणाली, "किती गोड माणसं आणलीस गं. दरवर्षी असलेच आण." आई मागून हंडा सरकवत म्हणाली, "पुढच्या वर्षी आमच्याकडे!" आणि दोघी हसल्या.

माझ्या पाठीवरून घाम गळत होता. ऊन होतं, पण तो उन्हाचा नव्हता.

फोडलं ते मरायकेनं, आणि तिच्या मनात काही वाईट नव्हतं. ती जेवता जेवता सारखी भिंतीकडे बघत होती. शेवटी तिनं मला हाक न मारता शेजारून जाणाऱ्या आंतिपासला थांबवलं. आंतिपास म्हणजे सेवस्तीमावशीचा मुलगा. कितीतरी वर्षं मोठ्या प्रवासी जहाजांवर वाढप्याचं काम करून आलेला, माझ्याहून चांगलं इंग्रजी बोलणारा. ती त्याला हळूच म्हणाली, "ते म्हातारे लोक तसेच उभे आहेत बिचारे. त्यांनी तिकीट नाही का काढलं? आम्ही त्यांचं भरलं तर चालेल?"

"कसलं तिकीट?" आंतिपास म्हणाला.

"जेवणाचं. बोटीवर घेतात ते."

तो तिथंच उभा राहिला, हातात पावाची टोपली. मग त्यानं माझ्याकडे बघितलं. माझ्या जिभेवर पुढचं खोटं तयार होतं, पण आंतिपासला भाषांतराची गरज नव्हती.

"निकितास!" तो इतक्या जोरात ओरडला की व्हायोलिनवाला थांबला. "कॅप्टन निकितास! माझ्या आईच्या पंगतीला तिकीट लावलंस तू?"

बाबा विहिरीपाशी कॅन घेऊन उभा. गावच्या सगळ्यांचे हात थांबले. फक्त आमचे लोक चमचे वाजवत जेवत होते, आणि डच माणूस मला विचारत होता, "काय झालं? काही कार्यक्रम आहे का?"

"काही नाही," मी म्हटलं. "जेवा."

"विचारतोय मी!" आंतिपास बाबाकडे निघाला. "वर्षभर माझी आई त्या तसबिरीपुढं दिवा लावतेय, गुडघे गेले तिचे, आणि तू तिला खानावळवाली केलंस?"

सेवस्तीमावशीनं त्याचा शर्ट मागून धरला. तिच्या चेहऱ्यावरचं सगळं विझलं होतं, पण आवाज खाली होता. "ताटावर बसलेल्या माणसांसमोर ओरडतोस? हे शिकवलं मी तुला? त्यांना काय ठाऊक? त्यांनी पैसे कोणाला दिले ते त्यांचं त्यांना. माझ्या दारात ते संताचे पाहुणे." आणि खरंच, तिनं पळी भरली आणि डच माणसाच्या ताटात चणे वाढले. रस टेबलावर सांडला. तो "वा, वा" म्हणाला.

मला भूमीनं पोटात घ्यावं असं झालं होतं. आणि मला लाज वाटली की मी भडकते, माझं तसंच आहे. मी बाबावर ओरडले, "आता का तोंड शिवलंस? सकाळी तर मोठा बोलत होतास, संत तिकिटं बघत नाही म्हणून! सांग ना सगळ्यांना! सांग, का विकलीस!" बाबानं तसं म्हटलंसुद्धा नव्हतं. मीच ते रचलं, तिथल्या तिथं. सगळ्यांनी त्याच्याकडे बघावं, माझ्याकडे नाही, म्हणून.

बाबानं नाही म्हटलं नाही. कॅन खाली ठेवला फक्त.

आई हात पुसत पुढं आली. "खरंय?" तिनं बाबाला विचारलं.

"पुढच्या वर्षीसाठी..." बाबा म्हणाला. "जरा हाताशी असावं म्हणून..."

मग ती माझ्याकडे वळली. "सकाळी बोलला म्हणालीस. म्हणजे तुला सकाळपासून माहीत होतं."

"हो."

"आणि मघापासून ते काय बोलत होते, नि तू सेवस्तीला काय सांगत होतीस?"

मी टेबलावर सांडलेला रस पुसायला लागले.

"आत्ता एवढी ओरडलीस, झाम्बेता. सकाळी कुठं होती ही जीभ?"

तिनं मला पूर्ण नावानं हाक मारली. ती कधीच मारत नाही.

सेवस्तीमावशीनं तिच्या दंडाला धरलं. "जाऊ दे गं कालिरोई. पुरुषांची अक्कल. तुझी पोर संतानं वाचवली, मान तुझाच आहे. चल, पाद्रीबाबा, आपण तसबीर देऊ या, झालं गेलं..."

मला वाटलं, घे. आई, घे ना. मनातल्या मनात मी हात जोडले. ती घेईल आणि सगळं पुसलं जाईल.

आई देवळाच्या दारापर्यंत गेली. आत दिवे होते, तसबिरीची चांदी बाहेरूनही चमकत होती. उंबऱ्यावर तिनं क्रूसाची खूण केली, पण आत पाऊल टाकलं नाही. "पाद्रीबाबा," ती म्हणाली, "आमचं नाव परत शेवटी घाला."

"कालिरोई, शेवटी म्हणजे किती वर्षं, तुला माहीत आहे ना..."

"माहीत आहे. थांबलेच होते मी." मग ती सेवस्तीमावशीला म्हणाली, "तू अजून एक वर्ष सांभाळ त्याला. तुझे गुडघे मी चोळून देईन." आणि ती भिंतीपाशी गेली, आंधळ्या कोस्मासचा हात धरला, त्याला सावलीत आणलं, स्वतःच्या अंगावरची ओढणी घडी करून त्याच्या खाली ठेवली आणि त्याला घास भरवायला बसली. बाबाकडे किंवा माझ्याकडे तिनं परत बघितलं नाही.

परतीच्या वाटेवर आमचे लोक खुशीत होते. गात होते. डच माणसानं माझ्या खांद्यावर थाप मारली, "या सुट्टीतला सगळ्यात छान दिवस. नऊ बेटं फिरलो, असं कुठंच नाही." मरायके मात्र माझ्याजवळ येऊन बसली. "आमच्याकडून काही चुकलं का?"

"नाही," मी म्हटलं. या लोकांशी आज पहिल्यांदा खरं बोलले.

"पुढच्या वर्षी आलो तर असतं का हे?"

"असतं. कुणीही यावं. तिकीट नसतं." मग म्हटलं, "पण आमच्या बोटीनं येऊ नका."

तिला कळलं असावं. ती उठून नवऱ्याशेजारी गेली आणि त्याच्या कानात काहीतरी बोलली. त्याचं गाणं थांबलं.

आई बोटीच्या टोकाला बसली होती, आमच्याकडे पाठ करून. ओसाड बेटावर फोन लागत नाही, म्हणून गावात कोणालाच काही कळलं नव्हतं. भूशिर ओलांडलं आणि मला धक्का दिसला. माणसांनी भरलेला. दरवर्षी तसाच असतो. बायकांच्या हातात धुपाटणी, पोरांच्या हातात तुळशीच्या जुड्या, सगळ्यांच्या अंगावर चांगले कपडे. तसबीर ज्या बोटीत असते तिनं भूशिरावर भोंगा वाजवायचा असतो. बाबाचा हात भोंग्याच्या दोरीवर होता. त्यानं ती ओढली नाही. पण आमची बोट दिसल्याबरोबर म्हाताऱ्या फिलिपासनं भोंग्याची वाटही न बघता धक्क्यावरच्या देवळाची घंटा वाजवायला सुरुवात केली. त्याला अर्धवटच ऐकू येतं. एकदा सुरू झाला की थांबत नाही.

बाबानं धक्क्यापासून अलीकडेच इंजिन बंद केलं. बोट आपल्या आपण सरकत राहिली. तो टोपी काढून पुढं आला, आईच्या शेजारी उभा राहिला. ती बाजूला सरकली नाही, पण वर बघितलंही नाही.

"तसबीर आणली नाही!" तो ओरडला.

घंटेत काही ऐकू गेलं नाही. लोक हात हलवत होते. कोणीतरी धूप टाकला, धूर वर गेला.

"तसबीर नाही आणली! मी संताची पंगत विकली!"

पुढच्या रांगेतल्या दोन बायकांना ऐकू गेलं. त्यांनी एकमेकींकडे बघितलं. मागचे अजून गातच होते. दिवसभर मला वाटत होतं की यानं बोलावं, कबूल करावं, आणि आता मला वाटत होतं, फिलिपास, थांबू नको रे, तोड ती घंटा पण वाजव.

पण कोणीतरी पळत जाऊन त्याचा हात धरला असणार. घंटा थांबली. गाणंही थांबलं. आणि बाबाला तेच सगळं परत म्हणावं लागलं, आता ओरडायची गरज नसताना. "मी विकली. तिकीट लावून. आमच्या घरी येणार नाही तसबीर. कालिरोईला माहीत नव्हतं. पोरीलाही काही माहीत नव्हतं."

मी दोर फेकला. धक्क्यावर इतके हात, पण तो कोणी धरला नाही. पाण्यात पडला. मी तो ओढून घेतला, जवळ आल्यावर स्वतःच उडी मारली आणि खुंटाला बांधला. गाठ बांधायला वेळ लागला. उठून उभी राहिले तर समोर सगळे होते, चांगल्या कपड्यांत, धुपाटणी हातात तशीच धुमसत.

"मला माहीत होतं," मी म्हटलं. "सकाळपासून."